पंधरा टक्क्यांचे मोल

असममित उत्प्रेरणाचा इतिहास बहुधा २००१च्या नोबेलपासून मागे जात सांगतात; तो १९६८च्या एका तोकड्या आकड्यापासून सांगायला हवा. सेंट लुईसला मोन्सँटो कंपनीत विल्यम नोल्स यांनी विल्किन्सनच्या ऱ्होडियम उत्प्रेरकातले साधे फॉस्फिन काढून त्याजागी एकाच हाताचे, म्हणजे आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारे, फॉस्फिन बसवले. हायड्रोजन जोडल्यावर हव्या त्या रूपाचे आधिक्य मिळाले अवघे १५ टक्के. औषधासाठी हे निरुपयोगीच, पण वाट बरोबर असल्याचा हा पुरावा होता.

क्योटोत रसायनज्ञ नोयोरींनी १९६६मध्येच तांब्याच्या संयुगाने अशी निवड दाखवली होती, हा आक्षेप रास्त आहे, अग्रमान त्यांचाच. मात्र नोल्स यांच्यापुढे लवकरच पार्किन्सनच्या रुग्णांसाठीचा एल-डोपा आला. त्याचे एकच रूप उपयोगाचे. एरवी दोन्ही बनवून नको ते वेगळे काढावे लागे. या निकडीने फॉस्फरसभोवतीचे गट बदलत राहणे भाग पाडले. फिनाइल कड्यावर शेजारच्या जागी मेथॉक्सी गट आल्यावर आकडा वाढला, दुसऱ्या फिनाइलऐवजी सायक्लोहेक्सिल येताच तो ८८वर गेला, आणि मेथॉक्सी गटाची दोन फॉस्फिने सांधलेल्या डायपॅम्पने ९५ टक्के गाठले. उरलेली अशुद्धी स्फटिकीकरणाने जाई. नोबेलच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकातच, मोन्सँटो याच मार्गाने एल-डोपा बनवू लागली होती.