औषध जिथे हवे तिथेच

गुडघा सुजला की घेतलेली गोळी पोटात जाते, तिथून रक्तात आणि रक्ताबरोबर अंगभर. दुखऱ्या सांध्याच्या वाट्याला तिचा थोडाच अंश येतो. त्रास मात्र जठराला आणि मूत्रपिंडांना सोसावा लागतो. थेट सांध्यात स्टेरॉइड टोचले तरी ते तिथे फार काळ टिकत नाही. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराने पाटपाणी सोडून ठिबक का घेतले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला औषध हवे तिथेच सोडण्याच्या या विषयाचा हेतू वेगळा सांगायला नको. फरक एवढाच, की ठिबकची नळी बागेत राहते. इथली नळी काम संपताच नाहीशी झालेली बरी.

ते साधते पीएलजीएसारख्या कृत्रिम पॉलिमरमुळे. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांच्या घटकांची ही साखळी शरीरातल्या पाण्याने तुटत जाते आणि उरलेली आम्ले शरीर पचवते. दोन्ही घटक निम्मे-निम्मे असले तर ती लवकर तुटते, लॅक्टिकचा वाटा वाढवला तर सावकाश. बॉस्टनमध्ये लँगर आणि फोकमन यांनी १९७६ मध्ये प्रथिनांसारखे मोठे रेणूही पॉलिमरमधून हळूहळू सोडता येतात हे दाखवले. पुढे ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची, डोळ्यात सोडायची बारीक पीएलजीए-कांडी आली (अमेरिकेत मान्यता २००९). गुडघ्यासाठी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे सूक्ष्मगोलही २०१७ मध्ये मान्य झाले.

एवढ्यावर हुरळून जाऊ नये. शरीराच्या लेखी पॉलिमर परकाच. भक्षकपेशी त्याच्याभोवती जमतात. जाड तुकड्याच्या गाभ्यात आम्ल साचते, आणि दाह शमवायला पाठवलेला वाहकच दाह पेटवू शकतो. माझ्या मते या शास्त्राचा खरा कस इथेच लागतो. औषध न भरलेले, रिकामे कण त्याच सांध्यात काय करतात हे न तपासता काढलेला निष्कर्ष मी तरी मान्य करणार नाही.

नाशिकला या विषयाचे वैद्यक आणि रसायन हे दोन्ही धागे हाताशी आहेत. म्हसरूळला १९९८ मध्ये स्थापन झालेले आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, शहरात फार्मसी महाविद्यालये आहेत, सातपूर-अंबडला औषधांचे कारखाने आहेत; पॉलिमर विज्ञानाची मोठी परंपरा असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही पुण्यातच आहे. तरी डॉक्टर होणारा आणि औषध घडवणारा विद्यार्थी एका टेबलाशी क्वचितच बसतात. पुढची पाने त्या दोघांसाठी आहेत. रसायनाकडून येणाऱ्याने दाहापासून सुरुवात करावी, वैद्यकाकडून येणाऱ्याने साखळीपासून. विसरणाची समीकरणे जड वाटली तर दुसऱ्या वाचनाला ठेवली तरी चालतील. रिकाम्या कणांचा भाग मात्र कोणी वगळू नये.