नानीचा रमजान

बी.एड.च्या सुट्टीत मी वही-पेन घेऊन नानीसमोर बसले. तिचं गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. 1948 ची पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तारीख कोणती, माणसं किती, मारलं कुणी, असं मी विचारत गेले आणि ती "याद नहीं बेटा" म्हणत गेली. संध्याकाळी वही मिटली. नानी ज्वारी निवडत होती. मामीने सहज गावच्या विहिरीचा विषय काढला, आणि नानी इशाच्या अजानपर्यंत बोलत राहिली.

एलियट मिशलर यांनी 1986 साली संशोधनातल्या मुलाखतींवर पुस्तक लिहिलं. माणूस गोष्ट सांगू लागला की मुलाखतकार त्याला तोडून पुढच्या प्रश्नाकडे नेतो, हा त्यातला आक्षेप. मी अगदी तेच करत होते. त्याआधी हार्वे सॅक्स यांनी साध्या गप्पांची ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं, की गोष्ट ऐकणाऱ्याच्या साथीने घडते. हे आपल्याकडे हुंकार देणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं म्हणा!

नानी म्हणाली, "रोजे चालू होते." रझाकारांचा जुलूमही तिने सांगितला, आणि नंतर तिचे अब्बा घरातून गेले ते परतले नाहीत, हेही. पण फौज हैदराबाद संस्थानात शिरली 13 सप्टेंबरला, आणि रमजान ऑगस्टच्या सुरुवातीलाच संपला होता. मग साक्ष खोटी धरायची?

इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार 1949 मध्ये, नाटो कराराविरोधी मोर्चात, पोलिसांच्या गोळीने मेला. पुढे अनेकांनी तो 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मेल्याचं सांगितलं. इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेली यांनी ही चूक पुसली नाही, तिचा अभ्यास केला. त्या मरणाला तेव्हा कुणी उत्तर देऊ शकलं नव्हतं. 1953 ला कामगार रस्त्यावर लढले होते, म्हणून आठवणीने ते मरण तिथे नेलं.

सुंदरलाल समितीने अंदाजे 27 ते 40 हजार बळी सांगितले. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. तोवर आमच्या घरी नानीची गोष्टच होती.

ज्वारीच्या उभ्या पिकात ती लेकरं चार दिवस उपाशी लपली होती. आज रोजा आहे असं तिच्या आईनेच पोरांना सांगितलं होतं का, हे मी विचारायला हवं होतं. ते राहून गेलं.