जॉबवर्कवरील साठा

मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, अशा अवस्थेतला माल. एखादी कंपनी आपले उत्पादन बाहेरच्या कारखान्याकडून (जॉबवर्कर किंवा व्हेंडरकडून) करून घेते, तेव्हा तिने दिलेला कच्चा माल, सुटे भाग, छापील खोकी, अर्धवट झालेले नग, भंगार आणि डाय हे सारे त्या कारखान्याच्या छपराखाली असते. पुस्तकात मात्र ते कंपनीच्याच नावावर राहते. या मालाची मोजदाद, नियोजन आणि जबाबदारी हा या नोंदीचा विषय.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. इचलकरंजीत १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे तिथे खर्चीची पद्धत रुजली. व्यापारी सायझिंग केलेले बीम आणि बाण्याचे सूत देतो, खर्चीवाला यंत्रमागधारक कापड विणून देतो आणि पिकांच्या (म्हणजे बाण्याच्या धाग्यांच्या) हिशेबाने मजुरी घेतो. किती किलो सुतातून किती मीटर कापड यावे आणि घट किती धरावी, हे तिथे आधीच ठरवावे लागते. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रिया तंबाखू आणि तेंदूची पाने घरी नेतात व वळलेल्या विड्या मोजून परत देतात. तिथेही तंटा होतो तो पाने कमी भरल्याचा आणि नापास ठरवलेल्या विड्यांचा. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत हाच व्यवहार ‘फ्री इश्यू’ मालाच्या नावाने चालतो.

कायद्याने या मालाला मुदत घातली आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम १४३ नुसार नोंदणीकृत व्यावसायिक कर न भरता चलनावर माल जॉबवर्कला पाठवू शकतो. कच्चा माल एका वर्षात, तर भांडवली वस्तू तीन वर्षांत परत यायला हव्यात किंवा ठरलेल्या अटींवर तिथूनच विकल्या जायला हव्यात. सबळ कारण असेल तर आयुक्त ही मुदत अनुक्रमे एक आणि दोन वर्षांनी वाढवू शकतात. मुदत टळली की माल पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असे धरले जाते आणि कर व्याजासह भरावा लागतो. गेल्या-आल्या मालाचे विवरण आयटीसी-०४ या नमुन्यात द्यायचे असते. घड्याळ प्रत्येक चलनाचे वेगळे चालते, याकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. ‘व्हेंडरकडे एकूण ८०० किलो शिल्लक’ एवढी नोंद पुरत नाही. ते ८०० किलो कोणत्या चलनातले, हे सांगता आले पाहिजे.

खरी कसोटी लागते ती वजनाच्या ताळ्याला. समजा, १,००० किलो पितळी रॉड दिला. एका नगाला १०० ग्रॅम रॉड लागतो आणि तयार नग ६० ग्रॅमचा भरतो. ९,४०० चांगले नग परत आले आणि पूर्ण मशीनिंग झालेले १०० रिजेक्ट निघाले, तर ९५० किलो रॉड कामी आला. ५० किलो रॉड व्हेंडरच्या रॅकवर दिसायला हवा आणि ३८० किलो टर्निंगही (मशीनिंगमध्ये निघालेला कीसही) कुठेतरी असायला हवी. पितळेच्या टर्निंगला बाजारात चांगला भाव मिळतो, म्हणून ती कोणाची हे दर ठरवतानाच लिहून घ्यावे. जॉबवर्करने ठेवायची असेल, तर तिची किंमत मजुरीत वळती झाली पाहिजे.

संगणकाने हे काम सोपे केले, पण त्यातच एक खोट राहिली. सॅप ही संगणकप्रणाली वापरणाऱ्या कंपन्यांत ‘५४१’ची नोंद केली की माल व्हेंडरच्या साठ्यात जातो आणि तयार नग जमा होताना कच्चा माल ठरलेल्या प्रमाणात आपोआप वजा होतो. जॉबवर्करने प्रत्यक्षात जास्त माल खर्च केला तरी, कोणी वेगळी नोंद करेपर्यंत, पडद्यावरची शिल्लक बरोबरच दिसते. त्यामुळे व्हेंडरच्या शेडमध्ये जाऊन, काटा लावून केलेल्या मोजणीला दुसरा पर्याय नाही. वर्षअखेरीस व्हेंडरकडून मागवलेले शिल्लक मान्य असल्याचे पत्र लेखापरीक्षकाला उपयोगी पडते, पण पत्राने रॉडचे वजन होत नाही.

मोठ्या कंपन्या दुसराही मार्ग धरतात : सुटे भाग स्वतः खरेदी करून उत्पादकालाच विकायचे आणि तयार माल परत घ्यायचा. ॲपल हे त्याचे ठळक उदाहरण. सप्टेंबर २०२३ अखेरच्या तिच्या ताळेबंदात साठा सुमारे ६३३ कोटी डॉलर होता, तर सुटे भाग घेतलेल्या उत्पादकांकडून येणे सुमारे ३,१४८ कोटी डॉलर. ही विक्री ती उत्पन्नात धरत नाही. तरीही केवळ ‘साठा’ ही ओळ वाचणाऱ्याला कंपनीचा किती पैसा मालात गुंतला आहे, याचा अंदाज येणार नाही.

मागणीचा अंदाज चुकला की काय होते, हे नेटवर्किंग उपकरणे विकणाऱ्या सिस्को कंपनीने २००१ मध्ये अनुभवले. तिची बरीचशी जुळणी कंत्राटी उत्पादकांकडे होती. टंचाईच्या भीतीने ग्राहकांनी एकच माल दोन-तीन ठिकाणी मागवला. शिवाय एकाच कामासाठी स्पर्धा करणाऱ्या उत्पादकांनी त्याच सुट्या भागांची चौकशी केल्याने आकडा आणखी फुगला. बाजार कोसळला आणि कंपनीला सुमारे २२५ कोटी डॉलरचा जादा साठा तोट्यात टाकावा लागला. म्हणूनच करारात अंदाजाचे किती आठवडे बंधनकारक आणि डिझाइन बदलल्यास पडून राहिलेल्या भागांचे पैसे कोण देणार, ही कलमे भावाइतकीच महत्त्वाची ठरतात. छापील वेष्टणांबाबत तर जास्तच. औषधाच्या नावाची फॉइल दुसऱ्या कोणालाही उपयोगाची नसते.

मजुरी थकली तर माल अडतो आणि तो अडवणे बेकायदा नसते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्या मालावर आपले श्रम वा कौशल्य खर्ची पडले तो माल, उलट करार नसल्यास, मोबदला मिळेपर्यंत जॉबवर्कर ताब्यात ठेवू शकतो. याच कायद्याने त्याच्यावर मालाची वाजवी काळजी घेण्याचे बंधनही घातले आहे. ती घेऊनही आग लागली, तर नुकसान मूळ मालकाचे. त्यासाठी विमा पॉलिसीत त्या शेडचा पत्ता नोंदलेला हवा.

डाय, साचे, जिग आणि फिक्स्चर यांना कलम १४३ ची तीन वर्षांची मुदत लागू नाही. ते वर्षानुवर्षे व्हेंडरकडेच राहतात आणि मालमत्तेच्या यादीतून हळूहळू निसटतात. काळजी घेणाऱ्या कंपन्या प्रत्येक डायवर मालकाचे नाव व क्रमांक कोरून घेतात आणि तिच्यावर किती नग निघाले याची नोंद ठेवतात, कारण व्हेंडर बदलायची वेळ आली की आधी परत मागवावी लागते ती डायच.