चिनी ‘थांग्’ शब्दाचा मूळ अर्थ

प्राचीन चिनी ग्रंथांत ‘थांग्’ शब्द आला कीं त्याचें भाषांतर ‘साखर’ असें करण्याची चाल पडली आहे. ती सदोष आहे. सम्राट् थायत्सुंग यानें इ. स. ६४७ च्या सुमारास साखरेची रीत शिकण्यास मगधांत माणसें पाठविलीं, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु तत्पूर्वीं चीनांत मधाखेरीज गोड पदार्थ नव्हता, असें त्यावरून निघत नाहीं.

सहाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ज्या स्सुशिए यानें लिहिलेल्या ‘छिमिन् याओशू’ या कृषिग्रंथांत धान्याच्या पाकाची कृति तपशिलानें दिली आहे. आठव्या चांद्रमासांत गहूं भिजवून मोड आणावयाचे, ते वाळवून पीठ करावयाचें, तें कोमट भातांत कालवून रांजण पांघरुणाखालीं ऊबदार ठेवावयाचा. पुढें ऊन पाणी घालून सुटलेला रस मंद आंचेवर आटवावयाचा. मोडांतील द्रव्य भाताच्या पिष्टाची शर्करा करतें. तें द्रव्य फ्रान्समध्यें १८३३ सालीं वेगळें काढण्यांत आलें. पांढऱ्या पाकास तांदुळाच्या विसाव्या हिश्शाइतकें पीठ पुरतें, काळ्यास दहावा हिस्सा लागतो. पांढऱ्याकरितां मोड हिरवे होण्यापूर्वींच वाळवितात. इतकीं बारीक प्रमाणें मुरलेल्या धंद्यावांचून कोण लिहील ?

लिपीचीही साक्ष आहे. आजच्या ‘थांग्’ अक्षराचें डावें अंग ‘तांदूळ’ हें आहे. उंसाचा त्यांत मागमूस नाहीं. यांग श्युंग (इ. स. पू. ५३–इ. स. १८) याच्या बोलीकोशांत हा शब्द धान्यपाकाच्याच अर्थानें येतो. उलट, जी वस्तु करण्याची रीत मगधांतून आणविली, तिला चिनी लेखक ‘दगडी मध’ म्हणत.