'रवाना' आणि 'दाखल' : टपालाने धाडलेल्या करविवरणपत्राविषयी

आपल्या दप्तरी भाषेत कागदाच्या प्रवासासाठी दोन शब्द रूढ आहेत. कागद निघाला की तो 'रवाना' होतो. कचेरीत पोहोचला की 'दाखल' होतो. पहिला शब्द फारसी असून त्याचा संबंध गमनाशी आहे. दुसरा अरबी असून 'आत शिरलेला' हा त्याचा मूळ अर्थ होय. मनुष्य स्वतः कागद घेऊन कचेरीत जातो तेव्हा या दोहोंतील अंतराचा विचार करण्याचे कारण पडत नाही. कागद टपालात पडला की मात्र मध्ये काही दिवस जातात. त्या दिवसांत तो कोणाच्या स्वाधीन असतो? उशीर झाल्यास अथवा तो गहाळ झाल्यास भार कोणी वाहावयाचा? करविवरणपत्राच्या बाबतीत हा प्रश्न व्याजाचा आणि दंडाचा ठरतो. त्याची उत्तरे कालपरत्वे कशी बदलली, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१६ साली लोम्बार्डो खटल्यात या प्रश्नाचा शब्दार्थाच्या अंगाने विचार केला. प्रकरण कराचे नव्हते. स्थलांतर-आयुक्ताकडे द्यावयाच्या एका निवेदनाचे होते. 'फाइल' हा शब्द 'दोरा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून जपून ठेवावयाचे कागद पूर्वी दोऱ्यात ओवीत, याकडे न्यायालयाने लक्ष वेधले. दोऱ्यात ओवावयाचा कागद प्रथम हाती यावा लागतो. तेव्हा केवळ टपालात टाकल्याने कागद दाखल होत नाही, असा निर्णय झाला. करविवरणपत्रांनाही हाच दंडक लागू होत असे. पुढे १९५४ च्या महसूल-संहितेत ७५०२ क्रमांकाचे कलम आले व त्याने हा दंडक सैल केला. योग्य पत्ता लिहून व पुरेसे टपालहशील भरून मुदतीत धाडलेला कागद उशिरा पोहोचला, तरी पाकिटावरील टपालमुद्रेची तारीख हीच तो पोहोचल्याची तारीख समजावी, असे त्याने ठरविले; मात्र विवरणपत्रे आरंभी त्यातून वगळली होती व १९६६ च्या दुरुस्तीने ती त्यात आली. येथे 'समजावी' हे क्रियापद महत्त्वाचे आहे. कागद वस्तुतः पोहोचलेला नसतो. कायदा तो पोहोचला असे मानतो.

हे कलम आले त्याच वर्षी, एप्रिल १९५४ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ओगले ग्लास वर्क्सच्या प्राप्तिकर-प्रकरणाचा निकाल दिला. हा कारखाना कराडनजीक ओगलेवाडी येथे, तत्कालीन औंध संस्थानाच्या हद्दीत होता. भारत सरकारला पुरविलेल्या मालाची किंमत धनादेशाने पाठवावी, अशी विनंती कंपनीने केली होती व त्याप्रमाणे दिल्लीहून धनादेश टपालाने रवाना झाले. पैसे औंधात मिळाले, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर मिळाले, असे कंपनीचे म्हणणे. न्यायालयाने ते मान्य केले नाही. घेणाऱ्याच्या विनंतीवरून धनादेश टपालात पडला, की टपालखाते घेणाऱ्याचे प्रतिनिधी होते. सबब पैसे दिल्लीतच मिळाले व ते करपात्र ठरले. विनंती नसती, तर टपालखाते पाठविणाऱ्याचे प्रतिनिधी राहिले असते.

या तत्त्वाचा लाभ १९५४ साली कर-खात्याला मिळाला. तेच तत्त्व करदात्याच्या बाजूने लावले तर काय दिसते? विवरणपत्रे विद्युत्मार्गाने भरली जाऊ लागली, तरी स्वाक्षरीचा प्रश्न उरला होता. ज्याच्यापाशी अंकीय स्वाक्षरी नव्हती, त्याने 'आयटीआर-व्ही' हा पडताळणीचा कागद छापून, सही करून, बंगळूरच्या केंद्राकडे टपालाने पाठवावयाचा असे. साध्या टपालाची पोच नसते. कागद न मिळाल्यास आपण तो धाडला होता हे सिद्ध करण्याचे साधन करदात्यापाशी राहत नसे. पुढे २०१५ पासून आधार-क्रमांकाच्या साह्याने घरबसल्या पडताळणी करण्याची सोय झाली. १ ऑगस्ट २०२२ पासून पडताळणीची मुदत १२० दिवसांवरून ३० दिवसांवर आली. परंतु त्याबरोबरच स्पीड पोस्टाने कागद रवाना झाल्याची तारीख ग्राह्य धरण्यात आली. १ एप्रिल २०२४ पासून हा क्रम उलटला व कागद केंद्रात मिळाल्याची तारीख निर्णायक ठरली. 'रवाना'चा नियम पावणेदोन वर्षेही टिकला नाही.

आता दुसरा मार्ग उपलब्ध असल्याने टपाल निवडणाऱ्यानेच त्याची जोखीम पत्करावी, असा युक्तिवाद करता येईल व तो अगदीच निराधार नाही. तथापि ज्याच्यापाशी दुसरा मार्ग नाही, त्याच्या बाबतीत 'निवड' हा शब्द लागू पडत नाही. खात्याने सांगितलेल्या पत्त्यावर, खात्याने सांगितल्याप्रमाणेच तो कागद धाडतो. ओगले-प्रकरणाचा न्याय लावावयाचा, तर टपालखाते येथे खात्याचे प्रतिनिधी ठरावयास हवे.

तात्पर्य, 'दाखल' झाल्याचा क्षण वस्तुस्थितीत सापडत नाही. तो कायदा ठरवितो. त्यामुळे तो क्षण कोठे धरला आहे याबरोबरच, मधल्या दिवसांचा भार त्यामुळे कोणाच्या माथी आला, हेही अभ्यासकाने पाहावयास हवे.