उक्त्या कामाचा तंटा

गावगाड्यात सुताराशी भांडण फार लांबत नसे. त्याने तिफण नीट भरून दिली नाही, तर सुगीला खळ्यावर त्याच्या पेंढ्या कमी पडत. कुणब्याने त्याचा हक्क बुडवला, तर पुढच्या पेरणीला तिफण मोडकीच राही. दोघांनाही मरेपर्यंत त्याच गावात राहायचं होतं, त्यामुळे दोघांच्या शेंड्या एकमेकांच्या हातात. बलुतेदारांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, कुंभार, चांभार, परीट, न्हावी आहेत. माळी अलुतेदारांत सापडतो. गवंडी मात्र बहुतेक याद्यांत नाही. पाथरवट नाही, बेलदार नाही, वडार नाही. याचं कारण साधं आहे. नांगर दरवर्षी दुरुस्तीला येतो, भिंत पिढीतून एकदा. ही माणसं गाढवांवर बिऱ्हाड लादून यायची, विहीर खणून, वाड्याची भिंत उठवून, तळ्याची पाळ बांधून पुढच्या गावाला जायची. काम उक्तं, हिशेब रोख. पहिल्या पावसात भिंत बसली, तर पेंढ्या राखून धरायची सोय नव्हती, कारण ज्याच्या राखायच्या तो माणूसच गावात नव्हता.

बांधकामाचा तंटा आजही इतका चिवट का, याचं उत्तर मला इथेच सापडतं.

माझी सगळी नोकरी साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात झाली. मोडी वाचता येतं म्हणून शेवटी रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. वतनाचे, पाणंदीचे, सामाईक भिंतीचे जुने दावे आणि त्यांना जोडलेले त्याहून जुने कागद उलगडून बाळबोधीत उतरवायचे, हेच काम. त्यामुळे न्याय म्हणजे काळा कोट आणि पुढची तारीख, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं नाही.

पेशवाईत तंटा गोतसभेपुढे जाई. फिर्याद घेऊन येणारा अग्रवादी, समोरचा पश्चिमवादी. मुद्द्याला हात घालण्याआधी दोघांकडून राजीनामा लिहून घेत: ही सभा ठरवील ते आम्हाला मान्य. वर जामीन. हरल्यावर ‘हे पंचच मला मान्य नव्हते’ म्हणायची वाट तिथेच बंद. मग तकरिरी, साक्षी, कागद. आणि जागेचा वाद असेल तर जागेवर जाणं. शिवेच्या भांडणात गावच्या महाराचा शब्द वजनदार, कारण शीव रोज त्याच्या पायाखालची. निवाडा ठरला की महजर होई. त्यावर हजर मंडळींची नावं आणि खुणा, पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, ज्याचं त्याचं हत्यार. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. शिवाय हरणाऱ्याने येजितखत लिहून द्यायचं, की माझा दावा खोटा ठरला, पुन्हा हे उकरून काढणार नाही. हा शेवटचा कागद मला फार आवडतो. आमच्या कोर्टात हरलेला माणूस असलं काही लिहून देत नसे. तो आमच्या टेबलाशी येऊन नकलेचा अर्ज मागायचा आणि अपिलाची मुदत विचारायचा.

म्हणून ते रामराज्य होतं असं कुणी समजू नये. गोत म्हणजे वतनदारांचं गोत. ज्याच्या शब्दावर शीव ठरे, त्याला सभेत बरोबरीने बसायची जागा नव्हती. कागद आणि साक्षी दोन्ही अपुरे पडले की दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून मोहोर करायची आणि नंतर उघडून पाहायचं, भाजलंय की नाही. आमच्या शेजारच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे सगळ्यांना ठाऊक असतात, पण रामशास्त्री काही गावोगावी नव्हते. आणि गाढवं घेऊन फिरणाऱ्या बेलदाराला परगावात जामीन कोण राहणार?

१८१८ साली पेशवाई बुडाली. साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं गेलं आणि शेजारी कंपनीचा जेम्स ग्रँट येऊन बसला. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात पंचायतीचे दोष सांगितले: पंच गोळा होत नाहीत, काम रेंगाळतं, निवाडा झाला तरी अमलात येईलच असं नाही. तरीही पंचायत मोडू नये, असं त्याचं मत पडलं. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२७ साली, त्याच्या नावाने ओळखली जाणारी कायद्यांची संहिता आली. तिच्यात पंचांना जागा ठेवलेली होती, पण लोक कोर्टाकडे वळले. त्यात नवल नाही. कोर्टाचा हुकूम घेऊन बेलिफ दारात येतो. पंचांचा हुकूम घेऊन कुणी येत नाही.

पंचायतीपेक्षा जलद उपाय होता तगादा. धनको ऋणकोच्या दारात माणूस बसवी. बाहेर पडू द्यायचं नाही, जेवू द्यायचं नाही, आणि धरणं कडक असेल तर आपणही उपाशी राहायचं. इंग्रजांनी या धरण्याचा असा धसका घेतला की १८६०च्या पीनल कोडात कलम ५०८ खाली त्याचं उदाहरणच घातलं: दारात धरणं धरून बसणं आणि समोरच्यावर देवाचा कोप होईल अशी भीती घालणं हा गुन्हा. फसवलेल्या घरमालकाच्या हातातलं एक जुनं शस्त्र असं गेलं.

त्याच सुमारास बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं. जीआयपी कंपनीने कंत्राट दिलं होतं फॅविएल नावाच्या साहेबाला. त्याच्याखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि सगळ्यात तळाला हजारोंनी वडार, बेलदार, गवंडी. मजुरी थकली, १८५९च्या जानेवारीत दंगल झाली आणि फॅविएलने काम सोडलं. पुढचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला तो काही आठवड्यांतच वारला. त्याची बायको ॲलिस हिने कंत्राट स्वतःकडे ठेवलं, दोन इंजिनिअर हाताशी धरले आणि १८६३ साली घाटातून गाडी नेऊन दाखवली. या बाईचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत का नाही, हे मला कळत नाही. मजुरीच्या तंट्यांसाठी १८६० साली एक कायदा झाला. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत, असा तो होता.

मला यातला जास्त बोलका भाग वाटतो तो १८६७चा. त्या जुलैत घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. चौकशी झाली ती बांधकामाच्या दर्जाची: बाहेरून घडीव दगडाची देखणी भिंत आणि पोटात कच्चा भराव. आता हे कुणी भरून द्यायचं? रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. कंपनीला कमी पडलं की तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून. म्हणजे कंत्राटदाराचा कच्चा भराव शेवटी साताऱ्या-पुण्याच्या शेतसाऱ्यातून भरला गेला, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

उलट बाजूने पाहा. १८५९ सालचाच तेरावा कायदा. कारागिराने किंवा मजुराने उचल घेतली आणि काम पुरं केलं नाही, तर मालकाच्या तक्रारीवरून मॅजिस्ट्रेट हुकूम करी: उचल परत कर किंवा काम पुरं कर. नाही ऐकलं, तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. गवंड्याने शब्द मोडला तर तुरुंग आणि मालकाने मजुरी बुडवली तर दिवाणी दावा, असा हा न्याय १९२५ साली रद्द करण्याचा कायदा होईपर्यंत चालला. ‘पूर्वी कारागीर कसे वचनाला पक्के होते’ असं म्हणणाऱ्यांनी हा कायदा ध्यानात ठेवावा.

१८७२ साली करार कायदा आला. त्याच्या ७३व्या कलमावर आजही नुकसानभरपाईचा दावा उभा राहतो. पण कलम असणं निराळं आणि दाव्याचा खर्च झेपणं निराळं. त्याच दशकात पुण्यात सार्वजनिक काकांच्या मंडळींनी लवाद कोर्ट चालवून पाहिलं. १८७५च्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांनंतर १८७९चा दख्खन शेतकऱ्यांचा कायदा आला, त्यात दाव्याआधी समेट घडवणारे नेमले. सावकारी कर्जापुढे भिंतीचे तंटे तिथे कोण घेऊन जाणार, म्हणून त्यात अधिक शिरत नाही.

आता आमच्या भिंतीविषयी. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आमचं घर आहे. मागच्या बाजूला माती धरून ठेवणारी दगडी भिंत, तिच्यावर बाग. भिंत जुनी झाली म्हणून लँडस्केपिंग करणाऱ्या एका कंत्राटदाराला दुरुस्तीचं काम दिलं: भिंतीचा ढासळलेला भाग पुन्हा बांधायचा, पायऱ्या बसवायच्या, हिरवळ लावायची. पोरगा हुशार, मोबाइलवर बागेचं चित्र काढून दाखवणारा. कोटेशनमध्ये मात्र एकच ओळ: ‘गार्डन रिपेअर वर्क, लमसम’. मी कोर्टात लमसम दाव्यांचे गठ्ठे बांधलेत. म्हणून कामं एकेक करून खाली लिहून घेतली आणि शेवटचा हप्ता पावसाळा संपल्यावर, हेही लिहून घेतलं. आषाढातच भिंतीला पोट आलं आणि वरची हिरवळ मधोमध खचली.

“काका, यंदा पाऊसच तसा झाला,” तो म्हणाला.

साताऱ्यात पाऊस तसाच होतो. पण हे त्याला ऐकवून भांडण मिटलं नसतं. बायको म्हणाली नोटीस द्या, मुलगा म्हणाला कोर्टात जा. आणि कोर्टात किती वर्षं लागतात हे घरात एकट्या मला ठाऊक होतं. मी एक कागद केला. पेठेतले एक म्हातारे मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली त्या पोराचेही गवंडी तयार झालेले, त्यांनी भिंत पाहावी. ते सांगतील ते दोघांना मान्य. खाली दोघांच्या सह्या. तो सही करायला कचरला, पण राखून ठेवलेला हप्ता आठवला असावा.

मिस्त्री आले. आधी भिंतीच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायथ्याशी उकिडवे बसले, ओल कुठवर चढलीय ते बोटाने चाचपलं. मग वर जाऊन खचलेल्या जागी पहार घातली. पहार हातभर सरळ आत गेली. “काळी माती भरलीस रे,” ते त्या पोराला म्हणाले, “मुरूम नाही, खडी नाही. आणि पाण्याला वाट कुठाय?” भिंतीत पाणी निघायला एकही भोक ठेवलेलं नव्हतं. समोरच्या दर्जा सुरेख भरलेल्या, पण मागच्या दगडांना धरून ठेवणारा लांब दगड कुठेच घातलेला नव्हता. बोरघाटातल्या पुलाची चौकशी मी त्या आधी वाचली होती, म्हणून आश्चर्य वाटलं नाही.

निवाडा त्यांनी चहा पिता पिता दिला. फुगलेला भाग उतरवून पुन्हा बांधायचा, तो खर्च त्याचा. मुरूम-खडी आणि पाइपाचे तुकडे कोटेशनमध्ये नव्हते, ते पैसे माझे. हिरवळ दोघांच्या अर्ध्यात. मला शेवटचं पटलं नव्हतं, पण सही केलेली होती. दिवाळीच्या आत भिंत झाली आणि हप्ता दिला.

असा मिस्त्री मिळाला नसता, तर मी ग्राहक आयोगात गेलो असतो. त्या चळवळीचं मूळ आपल्याकडेच आहे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाचा ग्राहक संरक्षण कायदा झाला. बांधकाम ही सेवा आहे आणि त्यातला दोष ही सेवेतली त्रुटी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केलं. २०१९चा नवा कायदा २० जुलै २०२०पासून लागू झाला, त्यात मध्यस्थी आली: आयोग विचारतो, दोन्ही पक्ष लेखी संमती देतात, समेट झाला तर त्यावर हुकूम होतो. संमती आधी, ऐकणं नंतर, गोतसभेचाच क्रम. फरक एवढाच की इथे जात विचारत नाहीत आणि हुकूम बजावायला कायदा मागे उभा असतो. सरकारी कामात बिलातून अनामत कापून दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत ठेवतात. घरच्या कामात ते आपल्यालाच लिहून घ्यावं लागतं.

आणि ज्यांची भिंत या पावसात फुगली असेल त्यांच्यासाठी: कामाचा मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. मिस्त्रीला नेऊन भिंत दाखवा, फोटो काढा, कोटेशन आणि पावत्या एका फाइलीत लावा. बाकीचं आयोगाचा कारकून सांगेल.