प्रेमपत्राची शेपटी

४ मे २०००, गुरुवार. आशियातल्या ऑफिसांमध्ये लोकांनी सकाळी कॉम्प्युटर सुरू केले, तर इनबॉक्समध्ये 'आय लव्ह यू' अशा विषयाची मेल येऊन पडलेली. सगळी मोठी अक्षरं, मध्ये जागासुद्धा न सोडलेली. आत एकच वाक्य, सोबत जोडलेलं माझं प्रेमपत्र कृपया बघा. आणि पाठवणारा कोण? शेजारच्या टेबलावरचा अकाउंटंट. किंवा साहेब. किंवा ज्याच्याशी आजवर फक्त बिलांबद्दल बोलणं झालंय असा एखादा सप्लायर.

या घटनेवर लिहिणारे बहुतेक जण 'माणूस प्रेमाचा भुकेला असतो' इथे येऊन थांबतात. मला ते अर्धंच पटतं. अनोळखी नावाने आलेलं प्रेमपत्र ऑफिसात कितीशा लोकांनी उघडलं असतं? साहेब असं का लिहितील, चुकून आलं असेल का, कुणी गंमत केली असेल का, बघू तरी, अशा विचारांनी लोकांनी माउस दोनदा दाबला. प्रेम हा विषय होता, पण ती फाइल उघडायला लावली ती ओळखीच्या नावाने.

आता त्या फाइलकडे बघू, कारण खरी हुशारी तिथे होती. फाइलचं पूर्ण नाव होतं 'लव्ह-लेटर-फॉर-यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस'. शेवटच्या टिंबानंतरची जी शेपटी असते, एक्स्टेन्शन, तिच्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की या फाइलचं काय करायचं. टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर, त्याला कुणी घाबरत नाही. व्हीबीएस म्हणजे व्हिज्युअल बेसिक स्क्रिप्ट, म्हणजे चालवायच्या सूचना, म्हणजे प्रोग्रॅम. पण वापरणाऱ्याला उगाच गोंधळायला नको म्हणून विंडोज ओळखीच्या शेपट्या आपणहून लपवायचं. त्यामुळे खरी शेपटी गायब झाली आणि खोटी तेवढी दिसत राहिली. समोर दिसलं ते एक निरुपद्रवी पत्र.

ते उघडलं की तीन गोष्टी व्हायच्या. एक, आउटलुकच्या अॅड्रेस बुकमधल्या प्रत्येकाला तुमच्या नावाने तेच पत्र जायचं. दोन, पासवर्ड चोरणारा आणखी एक प्रोग्रॅम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा प्रयत्न व्हायचा. तीन, डिस्कवरच्या फाइली शोधून त्यांच्यावर हा व्हायरस स्वतःची प्रत लिहायचा. फोटोंच्या जेपीजी फाइली अशाच गेल्या, कायमच्या. एमपीथ्री गाणी मात्र त्याने नुसती लपवली, पुसली नाहीत. लिहिणाऱ्याला गाण्यांबद्दल माया होती की काय, असं मला ते वाचताना दरवेळी वाटतं.

सूर्याबरोबर हे पत्र पश्चिमेकडे सरकत गेलं. युरोपातली ऑफिसं उघडली, तिकडे पोचलं. ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहाला आपली मेल काही तास बंद ठेवावी लागली. मग अमेरिका जागी झाली, आणि पेंटागॉनपासून खासगी कंपन्यांपर्यंत लोक मेल सर्व्हरच्या तारा उपटायला लागले. नुकसानीचे अंदाज अब्जावधी डॉलरमध्ये निघाले.

तसं बघितलं तर यात नवीन फार थोडं होतं. १९८७च्या डिसेंबरात जर्मनीतल्या क्लाउस्टालच्या एका विद्यार्थ्याने ख्रिसमसचं भेटकार्ड बनवलं होतं. ते चालवलं की पडद्यावर अक्षरांचं झाड उमटायचं, आणि तुम्ही ते बघेपर्यंत कार्ड तुमच्या यादीतल्या सगळ्यांकडे रवाना झालेलं असायचं. विद्यापीठांची जाळी तर त्याने तुंबवलीच, आयबीएमचं अंतर्गत नेटवर्कही तुंबवलं. मग २६ मार्च १९९९ला 'मेलिसा' आला. हा वर्डच्या फाइलीत मॅक्रो म्हणून बसायचा आणि अॅड्रेस बुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांना जायचा. 'तू मागितलेलं ते डॉक्युमेंट, कुणाला दाखवू नकोस' अशा अर्थाचा मजकूर. तो लिहिणारा न्यू जर्सीचा डेव्हिड स्मिथ पकडला गेला आणि त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे प्रेमपत्राच्या आधी वर्षभर सगळ्यांना युक्ती माहीत होती. तरी शेपटी लपवायची सवय तशीच राहिली, आणि मेलमधून आलेल्या स्क्रिप्टला अॅड्रेस बुक उघडून द्यायचीही. याबद्दल मला वापरणाऱ्यांपेक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा राग जास्त येतो. जून २०००मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकसाठी दुरुस्ती आणली. अशा अटॅचमेंट अडवायच्या, आणि कुणी प्रोग्रॅम पत्ते वाचायला लागला तर आधी विचारायचं. वर्डच्या इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला २०२२ उजाडावं लागलं.

हे लिहिलं कुणी? कोडच्या सुरुवातीलाच मनिलाचं नाव होतं, आणि शाळेत जायचा कंटाळा येतो अशा अर्थाची एक मोडक्या इंग्रजीतली ओळ. तपास ओनेल दे गुझमान या विद्यार्थ्यापर्यंत पोचला. त्याने कॉलेजात प्रबंधासाठी विषय मांडला होता तो दुसऱ्यांचे इंटरनेटचे पासवर्ड मिळवणाऱ्या प्रोग्रॅमचा. कॉलेजने तो नाकारला. त्याचं म्हणणं साधं होतं, इंटरनेट महाग आहे आणि गरिबाला ते मिळायला हवं. मार्ग चोरीचाच होता, हे खरं. पण डायलअपच्या काळात सायबर कॅफेत भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ज्यांनी मेल टाइप केली आहे, त्यांना ती हाव ओळखीची वाटेल. मला वाटते.

फिलिपिन्समध्ये तेव्हा याला गुन्हा म्हणणारा कायदाच नव्हता. तो जून २०००मध्ये झाला आणि जुन्या कृत्याला लावता आला नाही. ऑगस्टमध्ये आरोप मागे घेतले गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी जेफ व्हाइट या ब्रिटिश पत्रकाराने त्याला मनिलात शोधून काढलं, तर तो एका छोट्या गाळ्यात मोबाइल दुरुस्त करत होता. तिथे त्याने कबूल केलं. आधीचा व्हायरस फक्त मनिलापुरता होता, तो बंधारा त्यानेच काढला, पत्त्यांना आपोआप जाण्याची सोय केली आणि विषय प्रेमाचा ठेवला. मग एक प्रत सिंगापूरला पाठवली आणि मित्राबरोबर प्यायला गेला.

आपल्याकडेही वेळ अशीच जुळली. माहिती तंत्रज्ञान कायदा संसदेत मंजूर झाला त्याच मे महिन्यात, लागू झाला १७ ऑक्टोबर २०००पासून. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडला तर भरपाई द्यावी लागेल, हे त्याच्या ४३व्या कलमात आहे. कायद्याआधी धंदा मात्र उभा राहिला होता. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासोबत नव्वदच्या दशकातच 'क्विक हील' हे अँटिव्हायरस काढलं होतं. दुरुस्तीला आलेल्या मशीनमध्ये व्हायरसच जास्त सापडायचे, त्यातून ते निघालं. मनिलाच्या त्या गाळ्याशेजारी पुण्याचं हे दुकान ठेवून बघायला मला आवडतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आउटलुक उघडलंही नसेल. पण व्हॉट्सअॅपवर फिरणारी लग्नपत्रिका बघितली असेल, शेवटी 'डॉट एपीके' अशी शेपटी असलेली. किंवा आरटीओचं चलन. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अॅप. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असते, फार तर व्हिडिओ असते, पण ती फोनमध्ये इन्स्टॉल करावी लागत नाही. ती इन्स्टॉल केली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, बँकेचे ओटीपी परस्पर उचलते, आणि पुष्कळदा त्याच फोनवरून सगळ्या ग्रुपवर निमंत्रणं धाडते.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसकाकांच्या नंबरवरून अशी एक पत्रिका आली. तीन जणांनी लगेच अंगठे दाखवले, एका आत्याने तारीख विचारली. मी शेपटी बघून काकांना फोन लावला. ते शेतात होते. त्यांच्या घरात लग्नाचं कुणीच उरलेलं नाही.